मला न झालेली कावीळ

मला कावीळ कधीच झाली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण सुरतेजवळच्या भेस्तानच्या आमच्या सोसायटीत, माझा नवरा भरत काम करतो त्या कडोदऱ्याच्या लूम कारखान्यात आणि पार खानदेशातल्या आमच्या गावापर्यंत सगळ्यांना एकच माहीत होतं, की भरतच्या बायकोला, म्हणजे मला, सुनंदाला, जबर कावीळ झाली आणि ती मरता मरता वाचली. मरता मरता वाचले एवढं खरं आहे. बाकीचं सगळं खोटं.

मी स्वतःच जीव द्यायला निघाले होते. कसा, ते लिहिणार नाही. चघळायला येणाऱ्यांना नेमकं तेवढंच हवं असतं. आणि ज्याच्या मनात तसंच काही चाललेलं असेल त्याच्या हातात मला ते द्यायचं नाही. मी हे लिहितेय ते या दुसऱ्या माणसासाठी. पहिल्याची मला किळस येते, आणि ती लपवायचं वय आता राहिलं नाही.

त्याआधी

मी घरी बसून साड्यांना लेस लावते. टेम्पोवाला गठ्ठे टाकून जातो, झालेला माल घेऊन जातो. हात चालत राहिले की डोकं मोकळं राहतं, म्हणून हे काम मला आवडायचं. मग ते डोकंच नकोसं झालं. झोप उडाली. जेवण मातीसारखं लागायला लागलं. फोडणीचा वास आला की पोटात ढवळायचं. केस विंचरायचा कंटाळा, आंघोळीचा कंटाळा, आणि त्या कंटाळ्यापायी स्वतःचीच शिसारी. आरशात बघितलं की वाटायचं, ही कोण घाणेरडी बाई आमच्या घरात येऊन बसलीय?

सगळ्यात वाईट म्हणजे माझी खात्री पटली होती, की मी नसले तर घरावरचं ओझं उतरेल. आज हे लिहिताना हसू येतं, कारण भरतला स्वतःचे मोजे सापडत नाहीत आणि दोन्ही पोरं डबा भरून दिल्याशिवाय शाळेत जात नाहीत. पण तेव्हा त्यात मला काहीच चुकीचं दिसत नव्हतं.

कोणाच्या लक्षात आलं नाही, असं नाही. सासूबाईंनी नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. कोणी म्हणालं गुरुवार धर, कोणी म्हणालं माहेरी जाऊन ये. तुला काय होतंय, असं मात्र कोणी विचारलं नाही. आता विचारतात, तेही कारण काय म्हणून. नवरा मारायचा का? कुठे काही लफडं होतं का? तसं काही नव्हतं. पोट दुखायला लागलं तर कोणी पोटाला जाब विचारत नाही, मनालाच का विचारतात ते मला कळत नाही.

वॉर्डात

सरकारी दवाखान्यात शुद्ध आली तेव्हा नाकात फिनेल आणि पातळ डाळ यांचा मिसळलेला वास होता. तो वास अजूनही कधी आला तर मी उठून बाहेर जाते. घसा सोलवटलेला. हाताला सुई. समोरच्या खाटेवरच्या म्हातारीचे नातेवाईक माझ्याकडे वळून बसलेले. टीव्ही लावल्यासारखी माझी खाट मध्ये ठेवली होती जणू. त्यांतली एक बाई दुसरीला म्हणाली, "दिसायला तर चांगल्या घरची वाटते." मी ऐकतेय हे तिला माहीत होतं.

चादर बदलायला आलेली आया म्हणाली, "मरना था तो घर पे मरती, हमारा काम काहे बढाया?" पोलीस जबाब घ्यायला आला. त्यानं भरतला बाहेर पाठवलं आणि मला विचारलं, झगडा झाला होता का, सासू छळते का. मी नाही म्हटलं की तो पुन्हा तेच विचारायचा. मला इतका वीट आला, की एकदा वाटलं, हो म्हणून टाकावं आणि मोकळं व्हावं.

सगळेच असे नव्हते, तेही सांगायला हवं. एक सिस्टर होती. माझ्या केसांच्या जटा झाल्या होत्या. तिनं स्वतःचा कंगवा आणला, मागे बसून हळूहळू गुंता सोडवला आणि वेणी घालून दिली. किती दिवसांत कोणी मला असा हात लावला नव्हता. मी रडले, तरी तिनं वेणी अर्धवट टाकली नाही.

मग मनाच्या आजारांची डॉक्टरीण आली. वयानं लहान, पायात साधी चप्पल. स्टूल ओढून माझ्या तोंडासमोर बसली आणि सरळ विचारलं, "बेन, मरवानो विचार हजु आवे छे?" मरायचा विचार अजून येतो का. घरात, दारात, वॉर्डात, कोणीच हा शब्द तोंडातून काढला नव्हता. मी हो म्हटलं. ती दचकली नाही. तिनं पुढचं विचारलं, मग त्याच्या पुढचं. शेवटी म्हणाली, "आ बीमारी छे, बेन. एनी दवा छे." डिप्रेशन हा शब्द मी मोबाइलवर ऐकला होता. तो बंगल्यातल्या लोकांना होतो, असं मला वाटायचं.

भरतला बोलावून तिनं समजावलं. गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, हिला एकटं ठेवायचं नाही, आणि हिच्याशी बोलायचं. भरतनं तिन्ही गोष्टींना मान डोलावली. माणूस वाईट नाही तो. फक्त मान डोलवण्यात पटाईत आहे.

आप्पांचा निकाल

सुट्टी मिळाली तेव्हा दवाखान्याच्या फाटकाशी आप्पा उभे होते. आप्पा म्हणजे भरतचे मोठे भाऊ, माझे जेठ. इथल्या आमच्या समाजमंडळाचे सेक्रेटरी. आमच्यात जेठ धाकट्या भावाच्या बायकोशी सरळ बोलत नाहीत आणि तिनंही त्यांच्यासमोर पदर घेऊन गप्प राहायचं असतं. त्यामुळे माझ्याबद्दलचं सगळं माझ्यासमोरच, पण मी तिथे नसल्यासारखं ठरलं.

"कोणलेच काही सांगू नको," आप्पा भरतला म्हणाले. "कावीय व्हयनी, अशे सांगजो. कोमलनी सोयरीक चालू शे."

कोमल म्हणजे आप्पांची एकुलती एक मुलगी, कॉलेज संपवून नुकतीच नोकरीला लागलेली. नंदुरबारकडच्या एका घराशी तिचं जुळत आलं होतं. ज्या घरात बाईनं असं केलंय त्या घरची मुलगी कोण करणार? भरतनं मान डोलावली. माझ्या पोरांनाही तेच सांगायचं ठरलं. रिक्षात बसताना मला उलटी झाली, तर आप्पा भरतला म्हणाले, बघ, कावीळच वाटते.

खबर काढायला आलेले लोक

सुरतेत कोणी आजारी पडलं की खबर काढायला जायचं असतं. गुजराती जातात, म्हणून आम्हीही जातो. नारळ, बिस्किटाचा पुडा, आणि प्रत्येकाकडे स्वतःचा एक उपाय. हृदयविकार असता तर लोक जरा दबकून आले असते. कावीळ म्हटल्यावर गल्लीतला जो तो वैद्य झाला. उसाचा रस आला, भाजलेले चणे आले, मुळ्याचा पाला आला. डोक्यावर घालायची मुळ्यांची माळ आली, ती कावीळ उतरेल तशी लांब होत जाते म्हणे. तेल बंद, हळद बंद, तिखट बंद. खानदेशी बाईचं तिखट बंद करून तिला उकडलेला दुधी द्यायचा, आणि वर तिनं जगावं अशी अपेक्षा ठेवायची.

मी भिंतीला टेकून बसायचे, डोक्यावर माळ, हातात उसाचा रस, ग्लासाच्या कडेवर माश्या. समोर बायका. "डोया पिवया दिसतस," एक म्हणायची. दुसरी म्हणायची, कालपेक्षा उतरलंय. माझ्या डोळ्यांत कधी पिवळेपणा नव्हताच. मला त्या रसाची, त्या बायकांची आणि मान खाली घालून खोटं ऐकणाऱ्या माझी, तिन्हींची सारखीच घाण वाटायची.

पण खरी गंमत पुढे आहे. भावकीच्या आग्रहाखातर मला कडोदऱ्याकडच्या एका कावीळ उतरवणाऱ्या बाबाकडे न्यावं लागलं. नेलं नसतं तर लोकांना संशय आला असता. बाबानं काहीतरी पुटपुटत चुन्याच्या पाण्यात माझे हात चोळले, आणि परातीतलं पाणी पिवळंधमक झालं. मला न झालेली कावीळ सगळ्यांदेखत परातीत उतरली! त्याच्या बोटांना काय लागलं होतं ते त्यालाच ठाऊक. मी भरतकडे बघितलं, म्हटलं आता हा हसेल. तो हसला नाही. सासूबाईंनी हात जोडले होते. भरतचं तोंड उजळलं होतं. खोटं ज्यांनी रचलं त्यांनाच ते खरं वाटायला लागलं होतं, कारण खऱ्यापेक्षा ते किती सोयीचं होतं.

बाबानं सांगितलं, काळजाला सूज आहे, इंग्रजी औषध पोटात जाता कामा नये. घरी आल्यावर सासूबाईंनी माझ्या गोळ्यांची पिशवी उचलली. "इंग्रजी गोया बंद. बाबानी सांगेल शे." मी जीव द्यायला गेले होते हे त्या बाईला माहीत होतं. दवाखान्यात माझ्या पायाशी बसून तिनं छाती पिटली होती. तरीही तिनं ती पिशवी कपाटात टाकून कुलूप लावलं, आणि भरतनं मान डोलावली.

मी भांडले नाही. त्या आजारात भांडायची ताकद नसते. गोळ्यांनी नुकती कुठे झोप लागायला लागली होती, ती गेली. हळूहळू तोच जुना विचार येऊन शेजारी बसला. या वेळी मी त्याला घाबरले, कारण आता तो ओळखीचा होता. घर माणसांनी भरलेलं होतं आणि सांगायला एक माणूस नव्हतं.

रत्नाबाई

अशात पलीकडच्या बिल्डिंगमधली रत्नाबाई खबर काढायला आली. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, ही तिची ख्याती. ती दिसली की सासूबाई विषय बदलतात. त्या दिवशी सासूबाई मंदिरात गेल्या होत्या. रत्नाबाईनं बिस्किटाचा पुडा ठेवला, माझी खालची पापणी अंगठ्यानं ओढली आणि म्हणाली, "तुना डोया तं पांढरा फट शेतस. माले व्हयेल व्हती कावीय, माले शिकाडू नको. खरं सांग, काय व्हयनं तुले?"

तिला माझी काळजी होती असं म्हणणार नाही. तिला बातमी हवी होती. पण प्रश्न खरा होता, आणि मला खोट्याचा इतका उबग आला होता, की मी सगळं सांगून टाकलं. केलेलं, आणि पुन्हा मनात येतंय तेही. रत्नाबाईचा चेहरा पडला. तिनं उठून दार लावलं. मला वाटलं, आता देवाधर्माचं काही ऐकवेल. तिनं उसाचा रस मोरीत ओतला, डोक्यावरची माळ काढली, घरी जाऊन भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली. मी खाल्लं. नाकाडोळ्यांतून पाणी आलं. कित्येक दिवसांनी जिभेला काहीतरी लागलं होतं.

"सकायले तयार राह्यजो, मी येस," ती म्हणाली. भरत येईपर्यंत ती जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनंच मला त्या डॉक्टरणीकडे नेलं. डॉक्टरीण चिडली, माझ्यावर नाही. भरतला फोन लावून तिनं जे सुनावलं, ते ऐकून माझं अर्धं दुखणं कमी झालं.

संध्याकाळी भरत जमिनीकडे बघत म्हणाला, "पानी पिवयं व्हयनं व्हतं, सुनंदा. मी मना डोयाघाई देखं." मग तोंडावर हात घेऊन रडायला लागला. मला त्याची दया आली आणि रागही आला. गोळ्या त्यानंच कपाटातून काढून दिल्या. तेव्हापासून रोज तो स्वतः देतो, आणि चुकतमाकत का होईना, आज कसं वाटतंय म्हणून विचारतो.

इकडे मी वाट बघत होते, की रत्नाबाई आता गल्लीभर करेल. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. सगळ्यांना कळलं असतं तर तो माळेचा आणि मुळ्याचा तमाशा तरी संपला असता. पण जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिनं हे पोटात ठेवलं. कोणाची मुलगी कोणाबरोबर दिसली, कोणाच्या घरी जप्ती आली, सगळं ती बोलते. हा एक शब्द तिच्यानंही बोलवला नाही. तेव्हा मला कळलं, की हे माझ्यासाठी दुसरं कोणी बोलणार नाही.

मंडळाचा कार्यक्रम

त्यानंतर आमच्या समाजातला एक तरुण लूम कारागीर गेला. त्यानं काय केलं ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि सांत्वनाला दारावर आलेले सगळे अटॅक आला, अटॅक आला म्हणत होते. मग मंडळाला जाग आली आणि हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. स्टेजवर मोठा बॅनर, 'मन मोकळं करू या'. त्यावर मंडळाच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, मनापेक्षा मोठे. आधी दीपप्रज्वलन, मग शाली आणि नारळ. एक निवृत्त प्राध्यापक बोलले, की आत्महत्या म्हणजे भ्याडपणा, आजच्या पिढीत दम नाही, मोबाइल कमी करा. टाळ्या पडल्या. बाहेर खमण-जलेबीचे पुडे भरले जात होते आणि अर्ध्या लोकांचं लक्ष तिकडेच होतं.

शेवटी आप्पांनी माइकवर विचारलं, "कोणाला काही बोलायचं आहे का?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणाले, "नसेल तर..."

मी उठले. बायकांच्या मागच्या रांगेतून चालत पुढे गेले. पदर डोक्यावरून खाली आला तो तसाच राहू दिला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी आप्पांच्या तोंडाकडे बघून बोलले. म्हटलं, "आप्पा, मला बोलायचंय. मला कावीळ झाली नव्हती. मी जीव द्यायला गेले होते."

आप्पांनी माइक बंद केला. "नाश्ता तयार आहे," ते लोकांना म्हणाले.

मी माइकशिवाय बोलले. गोळ्यांचं सांगितलं, परातीतल्या पाण्याचं सांगितलं. म्हटलं, त्या पोराला अटॅक आला नव्हता, हे इथे सगळ्यांना माहीत आहे, आणि अजून कोणाच्या मनात असेल तर तो आज इथून लपवायलाच शिकून जाईल. घरात कोणी गप्प गप्प राहायला लागलं, खाईना, झोपेना, तर त्याला सरळ विचारा, मरावंसं वाटतं का. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, तो आधीच शिरलेला असतो. हो म्हणाला तर उपदेश करू नका, त्याला सोडून जाऊ नका, आणि डॉक्टरकडे घेऊन जा. माझा आवाज चिरका झाला होता. भाषण म्हणून ते अगदीच टुकार होतं.

काही लोक उठून पुडे घ्यायला गेले. एक बाई आपल्या सुनेला दंडाला धरून घेऊन गेली. प्राध्यापक घड्याळ बघत होते. मला वाटलं, झालं, बोलून उपयोग शून्य.

तेवढ्यात कोमल उभी राहिली. नुकत्याच झालेल्या साखरपुड्याची अंगठी बोटात, तोंड पांढरं. "पप्पा, मारे पण बोलवुं छे," ती म्हणाली. मलाही बोलायचंय. गुजरातीतच बोलली, ऑफिसात बोलतात तशी.

आप्पा स्टेजवरून खाली आले. खालच्या आवाजात म्हणाले, "घर चाल, कोमल. तठे बोलू."

"घरी नको," कोमल म्हणाली. "घरी गेलं की मला पण कावीळ होईल."

आप्पा जवळची एक खुर्ची ओढून बसले, आणि कोमल बोलायला लागली. तिचा आवाज बारीक होता. मागच्यांना ऐकू येईना, तेव्हा खुर्च्या सरकवत लोक पुढे आले. रत्नाबाई सगळ्यांत पुढे होती.

ती काय बोलली ते मी लिहिणार नाही, ते तिचं आहे. एवढंच सांगते, की बऱ्याच महिन्यांपासूनचं होतं, आणि ज्या सोयरिकीसाठी घरानं मला कावीळ लावली त्याच सोयरिकीसाठी ती गप्प बसली होती. आता आम्ही दोघी एकाच डॉक्टरणीकडे जातो. कधीकधी आप्पा आम्हाला रिक्षात बसवून देतात, स्वतः स्कूटरवर मागोमाग येतात आणि बाहेर बाकावर बसून राहतात. अजून त्यांना बोलायला जमत नाही.

मंडळानं तो बॅनर अजून काढलेला नाही. भावकीतले लोक भेटले की मला बाजूला घेऊन आवाज खाली करतात आणि विचारतात, कोमलची सोयरीक राहिली की मोडली? सगळे हेच विचारतात. कोमल कशी आहे, असं आजवर एकानंही विचारलं नाही. म्हणून न विचारताच सांगते. ती आहे.